ग्लेंडा जॅक्सन : रंगभूमी, पडदा, संसद आणि परत रंगभूमी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्लेंडा जॅक्सन यांच्याबद्दल विचारणारे साधारण तीन वाटांनी येतात. कोणी ऑस्करच्या यादीत दोनदा नाव पाहिलेलं असतं, कोणी ब्रिटिश संसदेतलं थॅचरविरोधी भाषण ऐकलेलं असतं, तर कोणाला ऐंशीव्या वर्षी शेक्सपिअरचा राजा लिअर करणारी बाई म्हणून नाव माहीत असतं. या तिन्ही बाया एकच, हे कळलं की प्रश्न सुरू होतात. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. पारितोषिकांच्या यादीवरून ही कारकीर्द समजत नाही, उलट गोंधळच वाढतो, म्हणून आम्ही शक्य तिथे कामाच्या क्रमाने गेलो आहोत.

अगदी थोडक्यात सांगायचं तर?

जन्म ९ मे १९३६, इंग्लंडच्या वायव्येला लिव्हरपूलसमोरचं बर्कनहेड. मृत्यू १५ जून २०२३, लंडनच्या ब्लॅकहीथमधल्या घरी, वय ८७. १९५७ ते १९९२ अभिनय, १९९२ ते २०१५ मजूर पक्षाच्या खासदार, २०१५ पासून अखेरपर्यंत परत अभिनय.

घरात नाटकाची परंपरा होती का?

नाही. वडील गवंडी, आई लोकांकडे साफसफाईची कामं करणारी, चार बहिणींत ही थोरली. ग्लेंडा हे नाव मात्र आईने ग्लेंडा फॅरेल या हॉलिवूडच्या नटीवरून ठेवलं होतं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि बूट्स या औषधांच्या दुकानात नोकरी लागली. ती दोन वर्षं केली. हौशी मंडळीत काम करता करता लंडनच्या राडा या नाट्यशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५४ ते १९५६ तिथे शिक्षण झालं.

बूट्सचा काउंटर हा चरित्रातला गोड तपशील म्हणून सांगितला जातो, पण त्याचं महत्त्व वेगळं आहे. अभिनय म्हणजे कष्टाची नोकरी, वेळेवर यायचं, पाठांतर करून यायचं, ही वृत्ती शेवटपर्यंत टिकली.

राडातून बाहेर पडल्यावर लगेच नाव झालं?

अजिबात नाही. १९५७ साली वर्दिंगला पहिलं व्यावसायिक काम मिळालं. पुढे क्रूसारख्या गावांत रेपर्टरी कंपन्या केल्या.

रेपर्टरी म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण मराठीत ठेकेदारीवर फिरणारी नाटकं असतात, तसं ते नसतं. गावातलं एक थिएटर, पगारी नटांचा ठरलेला संच आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला नवं नाटक. रात्री चालू नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्याची तालीम, मधल्या वेळात पाठांतर. भूमिका लहान असेल तर त्याच माणसाने रंगमंच व्यवस्थापनही सांभाळायचं. ग्लेंडा यांनी तेही केलं. या पद्धतीने जलद पाठांतर होतं, आवाज कमावला जातो आणि मुळात भीड चेपते. तोटा असा की नट ठरावीक लकबींच्या आधारे वेळ मारून न्यायला शिकतो, आणि त्या लकबी पुढे मोडाव्या लागतात.

मधली दोनेक वर्षं तर कामच नव्हतं. रूढ अर्थाने देखणी नसलेल्या, टोकदार चेहऱ्याच्या मुलीला तेव्हाच्या ब्रिटिश रंगभूमीवर नायिका म्हणून कोणी उभं करत नसे. १९५८ साली सहकारी नट रॉय हॉजेस यांच्याशी लग्न झालं, ते १९७६ मध्ये संपलं. मुलगा डॅन हॉजेस पुढे राजकीय स्तंभलेखक झाला.

मग वळण कुठे आलं?

१९६४ साली, पीटर ब्रूक यांच्याकडे. ब्रूक तेव्हा रॉयल शेक्सपिअर कंपनीत ‘थिएटर ऑफ क्रुएल्टी’ या नावाने एक प्रायोगिक हंगाम करत होते. फ्रेंच रंगकर्मी आर्तो यांच्या विचारांवर तो आधारलेला होता. नटाने संवादांआधी शरीर आणि आवाज यांतून काय पोचतं ते तपासायचं, अशी ती तालीम. रेपर्टरीतल्या लकबी मोडायला याहून चांगली जागा नव्हती.

त्यातूनच पेटर वाइस यांचं ‘मारा/साद’ उभं राहिलं. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण, तिथेच ठेवलेले लेखक मार्की द साद यांच्या दिग्दर्शनाखाली, फ्रेंच क्रांतीतला नेता मारा याच्या खुनाचं नाटक करतात. ग्लेंडा झोपेच्या आजाराने ग्रासलेली रुग्ण होत्या आणि ती रुग्ण मारेकरी शार्लोत कोर्देची भूमिका करते. म्हणजे एकाच वेळी दोन भूमिका. कोर्देचा आवेश आणि त्याच्याखाली सतत डुलकी लागणारी बाई. हे दोन थर वेगळे दिसले पाहिजेत आणि एकमेकांना खाताही कामा नयेत. सादला फटके मारण्याच्या प्रसंगी ब्रूकनी चाबकाऐवजी तिचे लांब केस वापरले. त्या प्रसंगात आवाज जवळजवळ नाही आणि अंगावर काटा येतो.

लंडनच्या आल्डविच थिएटरात ऑगस्ट १९६४ मध्ये प्रयोग सुरू झाले, डिसेंबर १९६५ मध्ये नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं, आणि १९६७ मध्ये जवळपास त्याच संचात चित्रपट आला. १९६५ साली डेव्हिड वॉर्नर यांच्या हॅम्लेटसमोर ग्लेंडा यांनी ऑफिलिया केली. दिग्दर्शक पीटर हॉल. कोमल, वाऱ्यावर उडून जाणारी ऑफिलिया पाहायला आलेल्यांना चिडलेली, धारदार ऑफिलिया पाहायला मिळाली.

दोन ऑस्कर कोणत्या वर्षीचे? प्रत्येक ठिकाणी वेगळं साल दिसतं.

चुकतं ते असं. चित्रपटाचं साल, पात्रतेचं साल आणि समारंभाचं साल ही तीन वेगळी सालं असतात.

पहिला ऑस्कर केन रसेल यांच्या ‘विमेन इन लव्ह’साठी, गुड्रन ब्रँगवेनच्या भूमिकेबद्दल. ब्रिटनमध्ये हा चित्रपट १९६९ च्या अखेरीस आला, अमेरिकेत १९७० मध्ये, म्हणून तो १९७० च्या पारितोषिकांत धरला गेला आणि समारंभ झाला एप्रिल १९७१ मध्ये. दुसरा ‘अ टच ऑफ क्लास’साठी. चित्रपट १९७३ चा, समारंभ एप्रिल १९७४ चा. दोन्ही मुख्य अभिनेत्रीचेच. याशिवाय ‘संडे ब्लडी संडे’ आणि ‘हेडा’ यांसाठी नामांकनं होती, म्हणजे एकूण चार नामांकनं, दोन विजय.

असाच घोळ ‘स्टीव्ही’ या चित्रपटाबाबत होतो. तो १९७८ चा, पण अमेरिकेत उशिरा लागला, म्हणून त्यातल्या कामासाठी ग्लेंडा यांना मिळालेलं न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाचं पारितोषिक १९८१ चं आहे. ब्रिटिश चित्रपटांची यादी करताना अमेरिकी पारितोषिकांच्या सालावरून चित्रपटाचं साल ठरवू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका टळतात.

ऑस्कर घ्यायला त्या गेल्या नव्हत्या हे खरं?

खरं. दोन्ही वेळा बाई गेल्या नाहीत. पहिल्या वेळी ज्युलिएट मिल्स यांनी त्यांच्या वतीने बाहुली स्वीकारली, दुसऱ्या वेळी चित्रपटाचे दिग्दर्शक मेल्विन फ्रँक यांनी. पुढे दोन्ही बाहुल्या आईकडे गेल्या आणि आईने पुसून पुसून त्यांचा मुलामा घालवला, असं ग्लेंडा सांगत. यात निषेधबिषेध काही शोधू नये.

१९७१ मध्ये त्यांनी एलिझाबेथ राणी दोनदा केली का?

हो, आणि दोन्हींची सतत गल्लत होते.

एक, बीबीसीची ‘एलिझाबेथ आर’ ही मालिका. फेब्रुवारी-मार्च १९७१ मध्ये दाखवलेली सहा स्वतंत्र नाटकं, प्रत्येकी दीड तासाच्या जरा आत, प्रत्येकाचा लेखक वेगळा. पहिल्या भागात राजकन्या एलिझाबेथ पंधरा-सोळा वर्षांची आहे, शेवटच्या भागात ६९ वर्षांची होऊन मरते. ग्लेंडा तेव्हा चौतिशीत होत्या.

दोन, ‘मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स’ हा चित्रपट, त्याच वर्षीचा. त्यात मेरी म्हणजे व्हनेसा रेडग्रेव्ह आणि एलिझाबेथ म्हणजे ग्लेंडा, ही दुय्यम भूमिका आहे. चित्रपटात दोन राण्या समोरासमोर भेटतात. इतिहासात त्या कधीच भेटल्या नाहीत.

वेळ असेल तर मालिका बघा. चित्रपट नाही पाहिला तरी चालेल.

‘एलिझाबेथ आर’मध्ये वय वाढवणं कसं साधलं?

त्या काळाच्या मानाने रंगभूषेवर फार मेहनत घेतली होती आणि ग्लेंडा यांनी पुढचे केस खरोखर भादरून घेतले होते. एलिझाबेथच्या चित्रांत कपाळ खूप वरपर्यंत उघडं दिसतं. टक्कल दाखवणारी टोपी चढवली तर जवळच्या दृश्यात कपाळावर तिची कड दिसते आणि भुवया उचलल्या की सुरकुती खोटी पडते. खऱ्या कातडीवर तो प्रश्न येत नाही.

पण रंगभूषा बाजूला ठेवून आवाज ऐका. पहिल्या भागात वाक्यं तुटक आणि सावध आहेत, कारण चुकीचं बोललं तर डोकं जायचं. तिसऱ्या भागापर्यंत श्वास लांबतो, बोलणं थट्टेखोर होतं. शेवटच्या भागात दोन शब्दांमधलं अंतर वाढत जातं, आणि त्या शांततेची दरबाऱ्यांना भीती वाटते. हालचालही तशीच. पोशाख जितका जड होत जातो तितकी मान स्थिर होत जाते. जड कॉलर आणि घेरदार झगा अंगावर असताना नट बहुधा कपड्याशी झगडताना दिसतो. इथे बाई कपड्याचा सिंहासनासारखा उपयोग करते.

अमेरिकेत ही मालिका १९७२ साली दाखवली गेली आणि त्यांना दोन एमी (दूरचित्रवाणीची अमेरिकी पारितोषिकं) मिळाले.

एक व्यावहारिक सूचना. स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओवर आणि बाहेरचे फिल्मवर घेतलेले आहेत. त्यामुळे दारातून बागेत जाताना चित्राचा पोत एकदम बदलतो. तुमच्याकडची प्रत खराब नाही, तेव्हाच्या बीबीसीची ती रीतच होती. कॅमेरेही रंगमंचीय पद्धतीने लावलेले आहेत. पहिली वीस मिनिटं हे खटकतं, मग विसरायला होतं.

‘संडे ब्लडी संडे’ हा आयर्लंडवरचा चित्रपट आहे ना?

नाही. ‘ब्लडी संडे’ म्हणून ओळखला जाणारा उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा गोळीबार जानेवारी १९७२ चा, चित्रपट १९७१ चा. जॉन श्लेसिंजर यांच्या या चित्रपटात लंडनमधली एक घटस्फोटित बाई आणि एक मध्यमवयीन डॉक्टर (पीटर फिंच) एकाच तरुणावर प्रेम करतात, दोघांनाही ते ठाऊक असतं आणि दोघंही अर्ध्यावर भागवत असतात. बाफ्टा (ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक) मिळवून देणारी ही भूमिका आमच्या मते पडद्यावरच्या त्यांच्या कामात सर्वांत संयत आहे.

एवढ्या गंभीर भूमिका करणाऱ्या बाईंना विनोद जमायचा?

जमायचा, आणि दुसऱ्या ऑस्करचा रस्ता विनोदातूनच गेला. १९७१ मध्ये मोरकम आणि वाइज या ब्रिटनच्या लाडक्या विनोदी जोडीच्या कार्यक्रमात त्या क्लिओपात्रा झाल्या. या जोडीचा हुकमी खेळ असा की नावाजलेल्या नटाला बोलवायचं, त्याच्यासमोर जोडीतल्या एर्नी वाइजने लिहिलं असं भासवलेलं भयंकर नाटक ठेवायचं आणि त्याने ते मनोभावे करायचं. व्याकरणाचा मुडदा पाडणारी वाक्यं ग्लेंडा यांनी शेक्सपिअरच्या गांभीर्याने म्हटली. इथे पाहुणा नट स्वतः हसला किंवा ‘मला कळतंय हं’ असा चेहरा केला की प्रसंग पडतो. त्यांनी एक क्षणही तसं केलं नाही. तो भाग मेल्विन फ्रँक यांनी पाहिला आणि ‘अ टच ऑफ क्लास’साठी विचारणा केली. जॉर्ज सीगलबरोबरचा हा चित्रपट आज थोडा जुनाट वाटतो, पण भांडणाच्या प्रसंगांतली टायमिंग अजून घड्याळासारखी आहे.

पुढे वॉल्टर मॅथाऊबरोबर ‘हाउस कॉल्स’ (१९७८) आणि ‘हॉपस्कॉच’ (१९८०) केले. १९८० च्या सुमारास ‘द मपेट शो’मध्ये त्या समुद्री चाच्यांच्या कप्तानही झाल्या. तेही जरूर पाहा.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत रंगभूमी सुटली होती का?

उलट सगळ्यांत कष्टाची कामं त्याच काळातली. १९७५ मध्ये ट्रेव्हर नन यांच्या दिग्दर्शनाखाली इब्सेनची हेडा गाब्लर केली. रॉयल शेक्सपिअर कंपनीचा तो प्रयोग परदेश दौऱ्यावरही गेला आणि त्यावरून त्याच वर्षी चित्रपट झाला. शोधताना लक्षात ठेवा, चित्रपटाचं नाव नुसतं ‘हेडा’ आहे. १९७८ मध्ये स्ट्रॅटफर्डला ब्रूक यांच्याकडे ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’, समोर ॲलन हॉवर्ड. मोरकम-वाइजच्या क्लिओपात्रानंतर सात वर्षांनी खरीखुरी.

१९८४ मध्ये लंडनला युजीन ओनील यांचं ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’, नऊ अंकांचं. पात्रं समोरच्याशी बोलता बोलता मनातलंही मोठ्याने बोलतात. दोन्हींचा सूर वेगळा ठेवला नाही तर प्रेक्षक हरवतो, फार वेगळा ठेवला तर हसतो. पुढच्या वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं. १९८६ मध्ये लोर्काच्या ‘द हाउस ऑफ बर्नार्डा अल्बा’मध्ये घरातल्या पाच मुलींना कोंडून ठेवणारी आई केली. दिग्दर्शिका होत्या स्पॅनिश रंगभूमीच्या नुरिया एस्पेर्त. हे नाव लक्षात ठेवा, तीस वर्षांनी परत येणार आहे.

१९८८ मध्ये ब्रॉडवेवर क्रिस्टोफर प्लमर यांच्यासमोर लेडी मॅकबेथ. राजकारणात जाण्यापूर्वीचं शेवटचं मोठं रंगमंचीय काम १९९१ मध्ये ग्लासगोला, परत ओनील, ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’.

चांगलं चाललेलं काम सोडून राजकारणात का गेल्या?

दोन कारणं एकत्र आली. थॅचर सरकारच्या धोरणांनी देशाचं वाटोळं होतंय असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि कायद्यात बसेल ते सगळं करून ते थांबवायचं हा निश्चय. दुसरं कारण रंगभूमीचं. समकालीन नाटककार बाईला नाटकाच्या केंद्रस्थानी ठेवत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार. पन्नाशी उलटलेल्या नटीपुढे कोणाची तरी आई किंवा कोणाची तरी विक्षिप्त मावशी, एवढंच उरतं.

९ एप्रिल १९९२ च्या निवडणुकीत लंडनच्या हॅम्पस्टेड अँड हायगेट मतदारसंघातून त्या १,४४० मतांनी निवडून आल्या. समोर हुजूर पक्षाचे ऑलिव्हर लेटविन होते, जे पुढे दुसऱ्या मतदारसंघातून खासदार आणि नंतर मंत्री झाले. जागा हुजूर पक्षाची होती आणि देशात तो पक्ष जिंकला, म्हणजे हा विजय वाऱ्याच्या विरुद्धचा.

खासदार असताना मधूनमधून अभिनय करत होत्या का?

नाही. नियम आड येत नव्हता, पण अर्ध्या वेळात खासदारकी त्यांना मान्य नव्हती. हॅम्पस्टेडच्या मतदारांच्या घरांच्या, बसच्या, भत्त्यांच्या तक्रारी घेऊन बसणं हेच रोजचं काम. १९९७ मध्ये ब्लेअर सरकारात परिवहन खात्याच्या कनिष्ठ मंत्री झाल्या, लंडनची वाहतूक त्यांच्याकडे होती. लंडनचं महापौरपद लढवण्यासाठी १९९९ मध्ये मंत्रिपद सोडलं, पण पक्षांतर्गत निवडीत फ्रँक डॉब्सन आणि केन लिव्हिंगस्टन यांच्या मागे तिसऱ्या राहिल्या. (लिव्हिंगस्टन मग अपक्ष उभे राहिले आणि जिंकले.) इराक युद्धाला त्यांनी उघड विरोध केला, स्वतःच्या पंतप्रधानाविरुद्ध.

मंत्री म्हणून कारकीर्द मोठी नव्हती, हे मान्य करायला हरकत नाही. मागच्या बाकावरची खासदार म्हणून त्या जास्त उपयोगी ठरल्या.

४२ मतांची गोष्ट काय आहे?

२०१० मध्ये मतदारसंघाच्या सीमा बदलल्या. जुन्या भागाला ब्रेंटकडचा भाग जोडून हॅम्पस्टेड अँड किलबर्न हा नवा मतदारसंघ झाला. लढत तिरंगी. ग्लेंडा जॅक्सन १७,३३२, हुजूर पक्षाचे क्रिस फिल्प १७,२९०, लिबरल डेमोक्रॅट उमेदवार १६,४९१. पहिल्या आणि तिसऱ्या उमेदवारात फक्त ८४१ मतांचं अंतर. त्या निवडणुकीत इंग्लंडमधला सर्वांत निसटता विजय हाच. संपूर्ण युनायटेड किंग्डममधला मात्र नव्हे, उत्तर आयर्लंडमध्ये एक जागा चार मतांनी गेली होती. त्यामुळे ‘देशातला सर्वांत कमी फरक’ असं लिहिलेलं दिसलं तर ती चूक आहे.

थॅचर यांच्यावरच्या भाषणात नेमकं काय होतं?

मार्गारेट थॅचर यांचं ८ एप्रिल २०१३ ला निधन झालं, १० तारखेला श्रद्धांजलीसाठी संसद बोलावली गेली. विरोधी पक्षातल्या अनेकांनी गैरहजर राहणं किंवा सौम्य बोलणं पसंत केलं. ग्लेंडा यांनी आपल्या मतदारसंघात पाहिलेलं सांगितलं, दुकानांच्या दारांत झोपणारी माणसं, गळक्या शाळा, पाठ्यपुस्तकांची टंचाई. लोभ आणि स्वार्थ यांना दुर्गुण म्हणायला आपण शिकलो होतो, त्या राजवटीत ते सद्गुण झाले, हा भाषणाचा गाभा. पहिली महिला पंतप्रधान म्हणून होणाऱ्या गौरवालाही त्यांनी ‘बाई? माझ्या व्याख्येत नव्हे’ असा नकार दिला. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला, हरकत घेतली गेली, सभापती जॉन बर्को यांनी भाषणात असंसदीय काही नाही असा निर्वाळा दिला.

या भाषणाची चित्रफीत बघताना नटीचा अभिनय शोधू नका, तंत्र शोधा. गोंगाट वाढतो तेव्हा त्या आवाज चढवत नाहीत. वाक्याच्या शेवटचा शब्द गिळत नाहीत आणि पुढचं वाक्य गोंगाटाच्या लाटेत उतार येताच सुरू करतात. हे रेपर्टरीत शिकलेलं.

संसदेतून परत रंगभूमीवर कशा आल्या?

२०१५ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. वय तेव्हा ७९ ला टेकलेलं. आधी बीबीसी रेडिओवर एमिल झोला यांच्या कादंबऱ्यांवरच्या मालिकेत कुटुंबातली म्हातारी केली. रेडिओ हा शहाणपणाचा पहिला टप्पा होता, पाठांतराचा ताण नाही आणि आवाज किती शिल्लक आहे ते कळतं.

दरम्यान बार्सिलोनाला नुरिया एस्पेर्त यांनी स्वतः लिअर केला होता. तो पाहिल्यावर हे आपणही करावं असं ग्लेंडा यांच्या मनात आलं. २०१६ च्या हिवाळ्यात लंडनच्या ओल्ड विक थिएटरात डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘किंग लिअर’ उभं राहिलं. पंचवीस वर्षांनी रंगमंचावर पाऊल, वय ८०, आणि भूमिका शेक्सपिअरच्या सर्वांत दमवणाऱ्या भूमिकांपैकी एक.

लिअर दमवतो तो ओळींच्या संख्येमुळे नाही. पहिल्याच प्रवेशात संताप शिखरावर न्यावा लागतो आणि तिथे सगळा आवाज खर्च केला तर वादळाच्या प्रवेशासाठी काही उरत नाही. मग मधला मोठा खंड, लिअर रंगमंचावर नसतो, अंग थंड होतं. आणि अखेरीस मेलेल्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, हातांवर उचलून आणायचं. म्हणून नट गंमतीने म्हणतात की हलकी कॉर्डेलिया शोधा. बहुतेक लिअर तिसऱ्या अंकात ओरडून मोकळे होतात. ग्लेंडा यांनी पहिल्या प्रवेशात आवाजापेक्षा तुच्छतेवर भर दिला आणि ताकद राखून ठेवली. बाई आयुष्यभर सिगारेटी ओढत होत्या, तरी तो आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता.

बाईने लिअर केला म्हणजे तो ‘राणी लिअर’ झाला का?

नाही. संहितेतला राजा राजाच राहिला, ‘तो’चा ‘ती’ झाला नाही. फार म्हातारपणी बाई-पुरुष ही सीमा पुसट होत जाते, हे ग्लेंडा यांनी मुलाखतींत मांडलेलं सूत्र होतं.

मराठी प्रेक्षकाला लिअर बहुधा ‘नटसम्राट’च्या बेलवलकरांमार्फत भेटलेला असतो, आणि तिथे तो सुरुवातीपासून आपल्या सहानुभूतीचा धनी असतो. शेक्सपिअरचा लिअर पहिल्या प्रवेशात दुष्टच वागतो. ग्लेंडा यांनी तो दुष्टपणा जराही मऊ केला नाही. तयारी म्हणून विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आधी वाचून ठेवला तर इंग्रजी संवाद कानावरून निसटत नाहीत.

लंडन आणि न्यूयॉर्कचा लिअर एकच प्रयोग होता?

नाही, ही फार सामान्य चूक. २०१९ चा ब्रॉडवेचा लिअर पूर्णपणे वेगळा होता. दिग्दर्शक सॅम गोल्ड, संगीत फिलिप ग्लास यांचं, रूथ विल्सन कॉर्डेलिया आणि विदूषक अशा दोन्ही भूमिकांत. ४ एप्रिलला सुरू झाला आणि ठरल्यापेक्षा चारेक आठवडे आधी, ९ जूनला बंद पडला. निर्मितीवर टीका झाली, मुख्य भूमिकेबद्दल आदर कायम राहिला. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात, दोन दिवशी दुपारी आणि रात्री. हे वेळापत्रक ग्लेंडा यांनी ८२ व्या वर्षी घेतलं आणि मे महिन्यात ८३ पूर्ण केली.

‘तिहेरी मुकुट’ म्हणजे काय?

ऑस्कर (चित्रपट), एमी (दूरचित्रवाणी) आणि टोनी (ब्रॉडवे) ही तिन्ही पारितोषिकं अभिनयासाठी मिळवणं. ग्लेंडा यांना टोनीची चार नामांकनं होती, ‘मारा/साद’, ‘रोझ’, ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ आणि ‘मॅकबेथ’. पाचव्यांदा, जून २०१८ मध्ये, एडवर्ड अल्बी यांच्या ‘थ्री टॉल विमेन’साठी विजय मिळाला. नव्वदी ओलांडलेली, चिडखोर, विसराळू, श्रीमंत म्हातारी. लॉरी मेटकाफ आणि ॲलिसन पिल तिच्याच तरुणपणाची रूपं होतात.

‘एलिझाबेथ इज मिसिंग’ हीसुद्धा राणीबद्दल आहे का?

नावामुळे तसं वाटतं, पण नाही. २०१९ चा हा बीबीसीचा दूरचित्रवाणीपट, एमा हीली यांच्या कादंबरीवर. स्मृतिभ्रंश झालेली मॉड आपली मैत्रीण एलिझाबेथ हरवली म्हणून शोध घेते आणि त्यात सत्तर वर्षांपूर्वी नाहीशी झालेली बहीण मिसळते. घरात असा रुग्ण असेल तर पाहणं जड जाईल हे आधीच सांगतो. स्मृतिभ्रंशाच्या भूमिकेत नट बहुधा हरवलेली नजर लावून बसतात. इथे मॉड सारखी कामात आहे, चिठ्ठ्या लिहितेय, खिसे तपासतेय, चिडतेय. २०२० मध्ये यासाठी बाफ्टा आणि आंतरराष्ट्रीय एमी मिळाले.

शेवटचा चित्रपट कोणता?

‘द ग्रेट एस्केपर’, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. वृद्धाश्रमातून गुपचूप निघून नॉर्मंडीच्या स्मृतिसोहळ्याला गेलेल्या बर्नार्ड जॉर्डन यांची खरी हकीकत. मायकेल केन नवरा, ग्लेंडा बायको रीन. हे दोघं १९७५ च्या ‘द रोमँटिक इंग्लिशवुमन’मध्येही नवरा-बायको होते. दोन्ही लागोपाठ पाहिले तर मधली ४८ वर्षं अंगावर येतात.

त्यांना ‘डेम’ म्हणावं का?

नाही. १९७८ मध्ये सीबीई हा त्याखालचा सन्मान मिळाला होता, ‘डेम’ (पुरुषांच्या ‘सर’सारखा बायकांचा किताब) नव्हता.

पाहायला कुठून सुरुवात करावी?

पारितोषिकांच्या क्रमाने जाऊ नका. मोरकम-वाइजचा क्लिओपात्रा प्रवेश आधी पाहा, दहा-पंधरा मिनिटांत बाईंशी ओळख होते. मग ‘संडे ब्लडी संडे’. तो आवडला तर ‘एलिझाबेथ आर’ हाती घ्या, पण एका बैठकीत दोन भागांहून जास्त नको, एकूण साडेआठ तासांचा ऐवज आहे. ‘विमेन इन लव्ह’ त्यानंतर, केन रसेल यांचा भडकपणा सोसण्याची तयारी ठेवून. ‘मारा/साद’ सर्वांत शेवटी. सुरुवातीलाच पाहिलेले बरेच जण अर्ध्यातून उठतात.

शोधताना काही अडचणी येतात का?

येतात. ‘हेडा’ शोधताना इतरही अनेक रूपांतरं समोर येतात, १९७५ हे साल घातलंत तर योग्य प्रत मिळते. ‘विमेन इन लव्ह’ या नावाची नंतरची दूरचित्रवाणी मालिकाही आहे, तिच्यात ग्लेंडा नाहीत. ‘द रेनबो’ (१९८९) मध्ये आहेत, पण गुड्रन म्हणून नव्हे. तिथे त्या गुड्रनची आई ॲना झाल्या आहेत, आणि दिग्दर्शक परत केन रसेलच.